औष्णिक विद्युत प्रकल्पाचे पर्यावरणीय आघात मूल्यांकन

कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र उभारण्यापूर्वी त्याचा हवा, पाणी, जमीन, शेती आणि परिसरातील लोकजीवन यांवर काय परिणाम होईल, याचा जो पूर्वाभ्यास केला जातो, त्यास पर्यावरणीय आघात मूल्यांकन किंवा पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन असे म्हणतात. भारतात या अभ्यासाचा अहवाल प्रकल्प उभारणारी कंपनीच, मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेकडून आणि स्वतःच्या खर्चाने, तयार करून घेते. साहजिकच अहवाल तयार होणे आणि त्याची पारख होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. अहवालात काय लिहिले आहे याइतकेच त्यात काय गाळले आहे, हेही पारख करताना पाहावे लागते.

कायदेशीर चौकट

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये २७ जानेवारी १९९४ रोजी काढलेल्या अधिसूचनेने हे मूल्यांकन बंधनकारक झाले. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. तीनुसार ५०० मेगावॉट व त्याहून अधिक क्षमतेचे कोळसा प्रकल्प 'अ' वर्गात मोडतात व त्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी लागते. अभ्यासाची कार्यकक्षा ठरणे, मसुदा अहवाल, जनसुनावणी आणि तज्ज्ञ समितीकडून छाननी असा हा क्रम आहे. जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे आवश्यक असते. शेकडो पानांचा मूळ अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच असतो. ज्यांच्या शेतावर राख पडणार, त्यांच्या हाती प्रत्यक्षात येतो तो सारांशच.

आकड्यांची पडताळणी

अहवालातील मूलभूत आकडे साध्या गुणाकाराने तपासता येतात. ५०० मेगावॉटचे केंद्र ८५ टक्के क्षमतेने चालते असे मानल्यास दिवसाला सुमारे १ कोटी २ लाख युनिट वीज निर्माण होते. एका युनिटसाठी ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर रोज सुमारे ६,६३० टन कोळसा जळेल. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. ते ३५ टक्के मानल्यास रोज सुमारे २,३२० टन, म्हणजे वर्षाला साडेआठ लाख टनांच्या जवळपास राख तयार होते. गंधकाचे प्रमाण अर्धा टक्का असले, तरी रोज ३३ टन गंधक जळते. ज्वलनात त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन वजन दुप्पट होत असल्यामुळे सुमारे ६६ टन सल्फर डायऑक्साइड हवेत जाऊ शकतो.

राखेचा साधारण चार पंचमांश भाग धुराबरोबर वर जातो आणि तो अडवण्यासाठी विद्युत् स्थितिक अवक्षेपक नावाचे यंत्र बसवलेले असते. त्याची कार्यक्षमता ९९.९ टक्के असल्यास वरील उदाहरणात रोज सुमारे १.९ टन धूळ बाहेर पडेल; ९९.५ टक्के असल्यास ९.३ टन. टक्केवारीतला फरक क्षुल्लक भासतो, पण प्रदूषण पाचपट होते. म्हणून कार्यक्षमतेचा आकडा कोणत्या प्रतीच्या कोळशासाठी आणि किती भारावर दिला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

धुराडे आणि वारा

मोठ्या संचांची धुराडी २७५ मीटरपर्यंत उंच असतात. उंच धुराड्यामुळे नजीकच्या गावातील प्रदूषणाची तीव्रता घटते; एकूण उत्सर्जन मात्र तसूभरही कमी होत नाही, ते दूरवर पसरते इतकेच. अभ्यासक्षेत्र बहुधा प्रकल्पापासून १० किलोमीटर त्रिज्येचे असते, त्यामुळे त्यापलीकडचा परिणाम अहवालाबाहेरच राहण्याचा संभव असतो. हा प्रश्न जुना झालेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच ठरवली. जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना धुराड्याच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर तीतून सूट मिळाली.

किनारपट्टीवर आणखी एक गुंतागुंत असते. दिवसा समुद्रावरून येणारी थंड हवा तापलेल्या जमिनीवर आली की खालच्या थरात घुसळण होते आणि उंचावरचा धूर एकाएकी जमिनीकडे ओढला जातो. सपाट मैदानी प्रदेशासाठी योजलेले गणिती प्रारूप अशा जागी जसेच्या तसे वापरले असल्यास त्याचे निष्कर्ष सावधपणेच घ्यावे लागतात.

मूळ स्थिती

प्रकल्पापूर्वीची हवा-पाण्याची स्थिती पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच ऋतूत मोजली जाते. त्या ऋतूतील वाऱ्याची दिशा वर्षभराची मानली गेली, तर मोजणीची केंद्रेच चुकीच्या बाजूला पडतात. शिवाय एकाच प्रकल्पाचा सुटा विचार अपुरा ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथे ठरले. औष्णिक केंद्र, कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने यांचा तो एकत्रित परिणाम होता. अशा ठिकाणी नव्या प्रकल्पाची भर 'मर्यादेत' असणे पुरेसे नसते, कारण मर्यादा आधीच ओलांडलेली असते.

राखेच्या तलावाचा बांध फुटण्याची शक्यताही जोखमीच्या प्रकरणात यावी लागते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी असा बांध फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख नदीत व वस्तीत पसरली.

डहाणूचे उदाहरण

अहवालातील आश्वासन आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी यांतील अंतर डहाणू येथे स्पष्ट दिसते. चिकूच्या बागा, खाडीतील मासेमारी आणि वारली आदिवासींची वस्ती असलेल्या या तालुक्यात बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीचा, प्रत्येकी २५० मेगावॉटच्या दोन संचांचा प्रकल्प मंजूर झाला. स्थानिकांनी जागेच्या निवडीस न्यायालयात आव्हान दिले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबवण्यास नकार दिला. तथापि धुरातील गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याविना शिथिल करू नये, असेही बजावले. त्यानंतर २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. जागेची ही नाजूकता मंजुरीपूर्वीही तितकीच खरी होती.

१९९५-९६ च्या सुमारास केंद्र सुरू झाले, ते गंधक काढणाऱ्या संयंत्राविनाच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारे हे संयंत्र प्रत्यक्षात २००७ मध्ये कार्यान्वित झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालास तोवर सोळा वर्षे लोटली होती आणि केंद्र दशकभराहून अधिक काळ चालू होते.

२००६ च्या अधिसूचनेनुसार मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीने दर वर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी सादर करावयाचा असतो. हे सहामाही अहवाल सार्वजनिक दस्तऐवज मानले जातात. मूळ मूल्यांकनातील भाकिते त्यांच्याशी ताडून पाहता येतात.