गंभीर चेहऱ्याचं कारण

जुन्या फोटोंतली माणसं इतकी गंभीर का, या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे: छबी उमटायला वेळ लागे, तोवर हसू टिकवणार कोण? सुरुवातीपुरतं ते खरं. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत आधी मिनिटं मोजावी लागत. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण ही मंडळी कॅमेऱ्यामागे उभी राहिली. त्या काळातल्या ओल्या कोलोडियनच्या काचेलाही काही सेकंद लागतच. पण १८८० च्या सुमारास कोरड्या जिलेटिन काचा सर्रास मिळू लागल्या, वेळ कमालीचा घटला, आणि चेहरे होते तसेच राहिले. डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत गेलेल्या आनंदीबाई जोशींचंच पाहा. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात त्यांचा जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबत फोटो निघाला. तिघी आपापल्या देशी पोशाखात, तिघीही गंभीर. इथे दोष काचेवर ढकलता येत नाही. त्यांनी जगासमोर कसं बसायचं ते ठरवलं होतं, आणि प्रतिष्ठेच्या त्या कल्पनेत हसू बसत नव्हतं.

मग त्या चेहऱ्यातून स्वभाव कळत नाही का? फारसा नाही, कळतं ते माणसाला स्वतःला कसं दाखवायचं होतं एवढंच, आणि तेही थोडकं नाही. विल्यम जॉन्सनच्या मुंबईतल्या जाती-जमातींच्या संग्रहात (१८६३-६६) तेवढंही उरत नाही. तिथे माणसं नावाने नव्हे, जातीने ओळखली जातात. कित्येकांच्या आकृती तर भलत्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या. अशा चेहऱ्यावरून जमातीचा स्वभाव ताडणं म्हणजे शुद्ध धाडस. खुद्द डार्विनने १८७२ च्या भावदर्शनावरच्या ग्रंथात वापरलेल्या काही फोटोंत छायाचित्रकार रेलँडरने स्वतःच भाव वठवून दाखवले होते. कोणी म्हणेल, आनंदीबाईंच्या डोळ्यांत दुःख तर स्पष्ट दिसतं. पण फोटो निघाला तेव्हा पदवी पाच महिन्यांवर होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं.