दाराशी बसणारी आई



आमच्या सावर्ड्याच्या गटात एक बाई कायम दाराशी बसायची. हप्ता भरायचा, सही करायची आणि निघायचं. 'मुलगा घरी एकटा आहे,' एवढंच सांगायची. नऊ वर्षांचा मुलगा घडीभर एकटा राहिला तर काय होतं, असं आम्ही मनात म्हणायचो. एका पावसाळ्यात ती त्याला घेऊनच बैठकीला आली, तेव्हा कळलं. त्याला सांगितलेलं उशिरा समजतं, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. शाळेच्या पटावर नाव होतं, पण तो शाळेत जात नव्हता. त्या दिवशी गटात प्रश्न निघाला, अशा मुलांना शिकवणारं कोणी असतं का? असतं. ते काम कसं सुरू झालं आणि आपल्या वाडीपर्यंत यायला त्याला इतका वेळ का लागला, ते आज सांगतो.

ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा मुंबईत माझगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. १९०० साली, मोठ्या दुष्काळानंतर, अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड बाईंनी अंध मुलांसाठी शाळा काढली. आजची दादरची अंधशाळा ती हीच. म्हणजे डोळे आणि कान अधू असलेल्या मुलांकडे लक्ष लवकर गेलं. बुद्धीची वाढ हळू होणाऱ्या मुलाला मात्र लोक 'खुळा' म्हणून मोकळे व्हायचे. खुळ्याला कोण शिकवणार? त्याच्याकडे लक्ष उशिराच गेलं.

१९४४ साली मुंबईत होरमसजी आणि जेरबाई वकील या पारशी जोडप्याने आपल्या राहत्या घरात शाळा सुरू केली. त्यांच्या मुलीला, दीनाला, डाऊन सिंड्रोम होता. हा जन्मापासूनचा गुणसूत्रांतला फरक, कोणाच्या पापाचा किंवा ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. मुलीला घेणारी शाळा नव्हती, म्हणून आईबापांनी शाळाच काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पुण्यात डॉ. सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये 'कामायनी' सुरू केली. या कामाच्या इतिहासात अशा बाया पुष्कळ भेटतात, कोणी आई म्हणून आली, कोणी शिक्षिका म्हणून.

त्या काळच्या बाया बऱ्याचशा करत करतच शिकल्या. पुढे १९८४ मध्ये सिकंदराबादला बौद्धिक अपंगत्वासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि या शिक्षकांना रीतसर अभ्यासक्रम आणि नोंदणी क्रमांक आला. बारावीनंतर पदविका, पदवीनंतर विशेष बी.एड. असे रस्ते त्यातून निघाले. (फी भरण्याआधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का, एवढं जरूर बघा.)

ही शिक्षिका नेमकं करते काय? बटणाचंच घ्या. आपण मुलाला 'लाव बटण' म्हणतो आणि तो लावत नाही म्हणून चिडतो. ती त्या एका कामाचे पाच-सहा तुकडे करते. बटण चिमटीत धरणं हा एक तुकडा, काजाच्या तोंडाशी आणणं हा दुसरा, पलीकडून ओढणं हा तिसरा. पुष्कळदा ती शेवटच्या तुकड्यापासून सुरू करते. बाकीचं स्वतः करते आणि शेवटचं ओढणं तेवढं मुलाकडून करून घेते, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद त्याला मिळतो. मग हळूहळू मागे सरकत जायचं. एका बटणाला दोन महिने लागले तरी ती मुलाला नावं ठेवत नाही. प्रत्येक मुलाचा आराखडा वेगळा. एकाला अक्षरं, दुसऱ्याला संडासला जायचं आहे हे खुणेने सांगणं. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, 'वाल निवडावेत तसं हे काम आहे, घाई केली की खडा राहतो.'

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही हे काम आहे. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची शाळा आणि कार्यशाळा आहे, दापोलीत कर्णबधिर विद्यालय आहे, मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. पण डोंगरातल्या वाडीवरच्या आईला मूल लांब ठेवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून शिक्षिकाच गावात येणं महत्त्वाचं. सर्व शिक्षा अभियानात तशी सोय झाली. शाळाशाळांत फिरणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरी जाऊन शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका आल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत.

हक्क कायम झाला, शिकवणारी मात्र कंत्राटावर राहिली. ही गोष्ट आम्हाला बोचते. घरोघरी चालत जाणारीला दरवर्षी मुदतवाढीची वाट बघावी लागली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि तो कायम पदावर हवा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४८६० पदांचा निर्णय घेतला. एका केंद्रात कितीतरी शाळा येतात, म्हणजे एकीच्या वाट्याला किती मुलं येतील याचा हिशेब आपण बायकांनी करायला हरकत नाही. हिशेबात आपण कच्च्या नाही.

दाराशी बसणारी ती बाई आता आत बसते. चिपळूणला खेपा घालून मुलाचं प्रमाणपत्र झालं. शाळेत गेल्यावर आधी 'त्याला सांभाळणार कोण' असं ऐकावं लागलं. मग आम्ही सातजणी गेलो.

मागच्या महिन्यात गटातल्या एकीने कर्ज मागितलं. मुलगी बारावी झाली आहे, तिला विशेष शिक्षणाची पदविका करायची आहे. कर्जाच्या वहीत कारणाचा रकाना असतो. तिथे आजवर म्हैस, शिलाई मशीन, कौलं असंच लिहिलेलं. या वेळी काय लिहायचं यावर जरा वेळ गेला. शेवटी त्या मुलाच्या आईनेच पेन घेतलं आणि लिहिलं, 'बाई होण्यासाठी'.