ओट्याची हद्द

परभणी जिल्ह्यात गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. पांढरीतल्या जुन्या घराची ठेवण साधारण ठरलेली असे: रस्त्याकडेला ओटा, दारातून शिरताच ढाळज, मग उघडं अंगण आणि पलीकडे ओसरी. वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचं माळवद.

अंगण भिंतींच्या आत असल्यानं त्यावरून वाद क्वचितच. भांडण पेटे ते ओट्यावरून. दगडांची कड रचून आत माती भरायची, वरून शेणानं सारवायचं, एवढंच ते काम. शहाबादी फरशी पुढे आली. पण ओटा हातभर पुढे सरकला की बोळातून बैलगाडी निघेना. माळवदाच्या पन्हाळीचं पाणी कुठं पडावं, हा दुसरा तंटा. याचे नियम कागदावर नव्हते. गावातली जाणती माणसं जागेवर येऊन हद्द दाखवत आणि बहुतेकदा तेवढ्यावर निभावे.

मराठवाडा 1948 साली निजामी राजवटीतून मुक्त झाला, 1956 साली मुंबई राज्यात आला. त्यानंतर हद्द ठरवण्याचा हा अधिकार हळूहळू कागदावर गेला. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं बांधकामाला पंचायतीची परवानगी लागू केली आणि रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकारही तिला दिला. शहरांसाठी 1965 चा नगरपरिषद कायदा आणि 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. परभणीत 2011 साली महानगरपालिका झाली. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं राज्याच्या बहुतेक भागाला एकच मापं लावली.

तरी वस्ती कायद्याच्या पुढे धावली. शेताचे तुकडे पडून गुंठ्या-गुंठ्यानं, म्हणजे 1,089 चौरस फुटांनी, प्लॉट विकले गेले. एवढ्याशा जागेत घर बांधल्यावर ओटा रस्त्यावरच येणार; यात घरमालकाच्या हावेपेक्षा प्लॉटचा आकारच जास्त दोषी आहे. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी 2001 साली गुंठेवारी कायदा करावा लागला.

अपार्टमेंटमध्ये जुना प्रश्न नव्या रूपात येतो. तळमजल्याच्या फ्लॅटपुढची मोकळी जागा त्याच घराची वाटते, पण सहसा ती सगळ्यांच्या सामाईक वापराची असते. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या सोसायटीचे उपविधी सांगतात की, समितीच्या लेखी परवानगीशिवाय सभासदानं बांधकामात फेरफार करू नये. मात्र समितीचा होकार पुरेसा नाही. मंजूर नकाशात नसलेलं छत किंवा भिंत उभारायची तर पालिकेची परवानगी वेगळी लागते. ओट्याच्या फरशीचा उतार शेजाऱ्याच्या दाराकडे नसावा, हे पाहण्याचं काम मात्र आजही शेजाऱ्यांनाच करावं लागतं.