दोन दारांची सिएरा पाच दारांनी परतली

टेल्को, म्हणजेच पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीने १९९१ मध्ये पुण्यात तयार झालेली 'सिएरा' बाजारात आणली. 'टेल्कोलाइन' या पिकअप वाहनाच्या सांगाड्यावर बेतलेल्या या गाडीला बाजूंना दोनच दारे होती आणि मागच्या बाजूच्या काचा वळून छताला भिडत. वातानुकूलन, विजेवर चालणाऱ्या काचा या सोयी त्या काळी भारतीय गाड्यांत दुर्मीळ होत्या. मात्र मागे बसण्यासाठी पुढचे आसन दुमडावे लागे. ही अडचण व चढी किंमत यांमुळे कुटुंबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले.

चाहत्यांच्या मनात मात्र तिचा आकार कायम राहिला. ग्रेटर नोएडा येथील २०२० च्या वाहन प्रदर्शनात सिएराचे संकल्पनारूप सादर झाले, तेव्हा या अपेक्षांना धुमारे फुटले. दोन दारे, छताला भिडणारी काच आणि चारही चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा परत यावी, अशी त्यांची इच्छा होती.

नवी सिएरा २५ नोव्हेंबर २०२५ रोजी दाखल झाली. तिची प्रारंभिक शोरूम किंमत ११ लाख ४९ हजार रुपये होती. तिला मागील दारासह पाच दारे आहेत. वळणाऱ्या काचेचा केवळ आभास काळ्या रंगसंगतीने निर्माण केला आहे. पदार्पणाच्या वेळी इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या चाकांना मिळत होती.

चाहत्यांना जे वेगळेपण हवे होते, त्यानेच जुन्या सिएराचा ग्राहकवर्ग मर्यादित ठेवला होता. पुनरागमनात कंपनीने आठवण जपली, पण दारे कुटुंबासाठी उघडली.