वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. रुंदी जेमतेम दोन बोटे. त्यात ‘चांगली’ लिहायची वहिवाट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, मी वर्गशिक्षक असताना, दहावीतून मध्येच निघालेल्या एका मुलाच्या दाखल्यावर मी ‘असमाधानकारक’ लिहिले.

त्या मुलाविषयी शिक्षकांच्या खोलीत तीन मते होती. गणिताचे सर म्हणत, मग्रूर आहे. मराठीच्या बाई म्हणत, हळवा आहे, जरा बोलले की डोळे भरतात. खेळाचे सर म्हणत, घुमा आहे, कुणात मिसळत नाही. यांतले खरे कोणते, यावर आम्ही वाद घातला. तिन्ही खरे असू शकेल, हे कुणालाच सुचले नाही.

पुढे वाचताना कळले, की मोठमोठ्या मनोविकारतज्ज्ञांचेही असेच झाले होते. १९२३ साली कुर्ट श्नायडर या जर्मन तज्ज्ञाने विस्कटलेल्या व्यक्तिमत्त्वांचे दहा प्रकार सांगितले. अशी माणसे एकतर स्वतः सोसतात किंवा इतरांना सोसायला लावतात, असे त्याचे म्हणणे. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरण-ग्रंथात व्यक्तिमत्त्व विकारांना स्वतंत्र स्थान दिले आणि प्रत्येकाची लक्षणे क्रमवार मांडली. पण प्रत्यक्ष माणूस समोर बसला, की तो एकाच वेळी दोन-तीन रकान्यांत बसू लागला. संतापी तोच भित्रा, एकलकोंडा तोच मायेचा भुकेला!

कुमारवयात तर ही सरमिसळ फारच. म्हणून त्या ग्रंथानेही सावधगिरी बाळगली: अठराच्या आतल्या मुलात ही लक्षणे निदान वर्षभर टिकलेली असावीत आणि समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचा शिक्का तर अठराच्या आत मारूच नये. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात जुने बहुतेक प्रकार मोडीत काढले. आता आधी पाहतात ते त्रास किती तीव्र आहे हे. स्वभावाच्या छटा त्यानंतर, आणि एका माणसात त्या कितीही असू शकतात.

आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. १९५४ च्या ऑगस्टमध्ये सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त झाले, त्याआधीपासून इथले पोर घरी वारली, बाजारात गुजराती आणि शाळेत मराठी बोलत आले आहे. प्रवेश-अर्जावर ‘मातृभाषा’ लिहिताना आजही बाप क्षणभर थांबतो. रकाना एक, पोरगा तिन्ही भाषांचा.

आणि शिक्का काय करतो, तेही या देशाने पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. कायदा १९५२ मध्ये गेला. पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर मात्र अजून गेलेली नाही.

याचा अर्थ डोळेझाक करावी, असा नव्हे. स्वतःला इजा करणारे, रात्र रात्र जागणारे मूल ‘वयाचा दोष आहे’ म्हणून सोडून दिले, तर मदतीचे दिवस वाया जातात. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली, तेव्हापासून मराठी घरांत या विषयावर निदान मोकळेपणी बोलले जाऊ लागले. त्रास ओळखावा, उपचारही करावेत. पोराला नाव ठेवू नये, इतकेच.

त्या मुलाचा दाखला न्यायला त्याचे वडील आले होते. त्यांना वाचता येत नव्हते. म्हणाले, “सर, चांगलं लिहिलंय ना?” मी मान हलवली. ती मान अजून माझ्या खांद्यावर जड आहे.

आज मुख्याध्यापक म्हणून मी वर्गशिक्षकांना एवढेच सांगतो: मुलाला विशेषण लावू नका, काय घडले ते तारखेसह वहीत लिहा, पालकांना बोलवा, गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवा. आणि दाखल्यावर ‘चांगली’ लिहा. दोन बोटांच्या त्या जागेत पंधरा वर्षांचे पोर मावत नाही.