हवेतल्या हद्दी

नाशिकहून पुण्याला निघाले की आळेफाट्यानंतर नारायणगाव येते आणि तिथून आत वळले की खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्याचे एक कारण म्हणजे इथे रेडिओचा गोंगाट कमी होता. पुणे–नाशिक जलद रेल्वेचा आखलेला मार्ग याच परिसरातून जात होता. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो अडला. रेल्वेशी निदान पत्रव्यवहार तरी करता येतो. घरातल्या राउटरला आणि खिशातल्या फोनला ‘इथे हळू बोल, तिथे गप्प बस’ हे कोण सांगते, हा या टिपणांचा विषय आहे.

हवा सगळ्यांची, असे आपण सहज म्हणतो. कायदा तसे म्हणत नव्हता. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. आकाशवाणी ऐकण्यासाठी पोस्टात दरवर्षी पैसे भरणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे, तिला विचारा. आज वाय-फायसाठी कुणी पोस्टात जात नाही, कारण जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून सोडवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले चार तुकडे, मिळून ६०५ मेगाहर्ट्झ, सोडवले गेले. परवाना गेला म्हणजे नियम गेले, असा घोटाळा विद्यार्थी हटकून करतात. २.४ च्या पट्ट्यात प्रक्षेपकातून १ वॅट आणि अँटेनाची करामत धरून ४ वॅट, ही मर्यादा राजपत्रात छापलेली आहे.

पण राजपत्र वाचतो माणूस, आणि लहरी सोडते चिप. तीच चिप नाशिकच्या सातपूरला, बॉस्टनला आणि टोकियोला विकली जाते. २.४ च्या पट्ट्यात अमेरिकेत व्यवहारात अकरापर्यंतच चॅनेल वापरतात, आपल्याकडे तेरापर्यंत चालतात, जपानात चौदावेही होते. आपण कुठे आहोत हे चिपला ठाऊक नसते.

लिनक्समध्ये हा प्रश्न बराच काळ चिघळला. चिप बनवणाऱ्यांना धास्ती होती की कोड खुला केला तर कुणीही शक्ती वाढवील आणि नियामक आपल्याला धरतील. म्हणून अथेरॉसच्या चिपांसाठीच्या मॅडवायफाय ड्रायव्हरच्या पोटात ‘हॅल’ नावाची कुलूपबंद पेटी होती. इंटेलच्या ३९४५ कार्डाबरोबर तर एक बंद प्रोग्रॅम सतत चालवावा लागे. कायदा पाळण्यासाठी कोड लपवायचा, ही समजूत मला तेव्हाही पटली नव्हती. २००८ साली अथेरॉसने खुला ड्रायव्हर दिला, आणि त्याच वर्षी लुईस रॉड्रिगेझ यांच्या पुढाकाराने लिनक्सच्या कर्नलमध्ये नवी मांडणी आली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: कायदा कोडमध्ये लिहायचा नाही. देशोदेशीचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायचे, तिची स्वाक्षरीबंद आवृत्ती करायची, आणि कर्नलने फक्त अंमलबजावणी करायची. राजपत्र बदलले तर फाइल बदलते. कर्नलला हात लावावा लागत नाही. आधी ही फाइल कर्नलपर्यंत पोहोचवायला एक मध्यस्थ प्रोग्रॅम होता. जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीपासून कर्नल ती स्वतः वाचतो आणि स्वाक्षरी तपासतो.

आता सगळ्यात रंगतदार भाग. आपण कोणत्या देशात आहोत, हे कर्नलला तिघे सांगतात: वापरणारा, कार्डाचा ड्रायव्हर आणि जवळचा राउटर. तिघांचे एकमत होईलच असे नाही. वापरणारा एक देश म्हणाला आणि राउटर दुसरा, तर दोन्हींना मान्य असेल तेवढाच भाग कर्नल धरतो. आणि काहीच कळले नाही, तर ‘००’ नावाचा एक जागतिक प्रदेश आहे. तिथे बाराव्या-तेराव्या चॅनेलवर ऐकायची मुभा, पण आपणहून तोंड उघडायची नाही. गावात नवा आलेला पाहुणा पारावर बसून आधी कानोसा घेतो, तसे.

एकदा अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या लॅपटॉपला आमच्या गंगापूर रोडच्या घरातले वाय-फाय दिसेना. बाकी सगळ्यांना दिसत होते. दोन संध्याकाळी मी केबली उपटत बसलो. राउटर तेराव्या चॅनेलवर होता आणि लॅपटॉपचे कार्ड अमेरिकेचा नियम पाळत होते. राउटर सहावर आणला आणि काम झाले. बिघाड नव्हताच, यंत्र प्रामाणिक होते, फक्त दुसऱ्या देशाशी.

५ गिगाहर्ट्झमध्ये मामला अधिक गंभीर होतो, कारण तिथे शेजारी रडार आहेत. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचे सी-बँड रडार आहे, आणि वाय-फायचे हे चॅनेल त्याच बँडात येतात. रडारशी वाटून घेतलेल्या चॅनेलवर राउटरने आधी निदान ६० सेकंद नुसते ऐकायचे असते. मध्येच रडारचा ठोका ऐकू आला तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचे आणि पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकायचे नाही. हे सगळे हिशेब कर्नलला करावे लागतात. फाइलीतल्या नियमाच्या ओळीत वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असते, शक्तीची मर्यादा असते आणि रडारचे निशाण असते. पुढच्या प्रकरणांत आपण तिचे एकेक पद सोडवणार आहोत.

या क्षेत्रात शिरायला फार भांडवल लागत नाही. कायद्याची भाषा वाचण्याची चिकाटी हवी, डेसिबल आणि वॅट यांची सांगड घालता यायला हवी, सी भाषा थोडी यायला हवी. पैकी पहिली गोष्ट इंजिनीअरिंगच्या मुलांना सर्वांत अवघड जाते, असा माझा अनुभव. नियमांच्या फाइलीत दुरुस्ती सुचवताना सरकारी दस्तऐवजाचा आधार द्यावा लागतो. ‘माझ्याकडे चालते’ हे कुणी ऐकून घेत नाही. म्हणजे दूरसंचार विभागाची अधिसूचना नीट वाचणारी नाशिकची विद्यार्थिनीही जगभरच्या यंत्रांचे वागणे सुधारू शकते.

पहिले प्रकरण उघडण्याआधी लिनक्सच्या यंत्रावर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा देऊन पाहा. उत्तरात ‘आयएन’ आले, तर खालच्या ओळी राजपत्राशी ताडून बघा. ‘००’ आले, तर तुमच्या यंत्राला आपण नाशकात आहोत हे अजून कळलेले नाही.