कळशीचा पोचा, मोटारीचा पोचा

पोचा हा शब्द मोटारीपेक्षा कितीतरी जुना. विहिरीच्या काठावर कळशी आपटली की तिला पोचा पडायचा आणि तो काढायला ती तांबटाकडे जायची. पुढे मोटारी आल्या, मडगार्डं चेपू लागली आणि तोच शब्द गॅरेजात शिरला. पाटीवर ‘डेंटिंग-पेंटिंग’ लिहिलेलं असलं, तरी सिंधुदुर्गातल्या पिंगुळी-कुडाळकडचं गिऱ्हाईक विचारणार, “ह्यो पोचो निघतलो मा?”

पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट मूळचे कोकणातले. त्यांचं मठारकाम प्रसिद्ध आहे. गुळगुळीत हातोडीचे शेजारी शेजारी ठोके देऊन भांड्यावर चकाकणाऱ्या टिकल्या उमटवायच्या. हा नुसता शृंगार नव्हे. ठोकलेलं तांबं कडक होतं, म्हणून पातळ भांडंही बाक धरून राहतं. फार कडक झालं तर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं. मोटारीचा डेंटर हा तांबटाचा वारसदार, असा वंशवृक्ष काही मांडता येत नाही. पण पोलादी पत्राही ठोकल्यावर, दुमडल्यावर असाच कडक होतो, आणि त्याची समजूत काढायच्या युक्त्याही तांबटाला ओळखीच्या वाटाव्यात अशाच आहेत.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारी म्हणजे इंजिन लावलेल्या घोडागाड्याच होत्या. आत लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकून बसवलेला पत्रा. त्यामुळे अशी गाडी दुरुस्तीला आली की पहिला मान सुताराचा. आतलं लाकूड कुजलेलं असेल तर वरचा पत्रा सरळ करून उपयोग काय? अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉजसारख्या कंपन्यांनी साच्यात दाबलेल्या पोलादी बॉड्या वापरायला सुरुवात केली, तसा सुतार हळूहळू बाजूला पडला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 साली मोटारींची जुळणी सुरू केली.

मग 1950 च्या दशकात दार बंद झालं. या देशात टप्प्याटप्प्याने सगळे भाग बनवायची तयारी असेल तरच राहा, असं सरकारी धोरण ठरलं आणि जनरल मोटर्सने 1954 मध्ये जुळणी थांबवली. त्यांच्या शेवरोलेचं मडगार्ड आता सहजी मागवता येईना. चेपलेला पत्रा सरळ करणं किंवा तसाच नवा हाताने घडवणं, एवढंच उरलं. आपल्याकडच्या डेंटरच्या हातात जी सफाई आली, ती बरीचशी या टंचाईची देणगी. हौसेने शिकलेली विद्या ती नव्हे.

ती सफाई पाहायची तर डेंटरचा डावा हात पाहावा. उजव्या हातातली हातोडी सगळ्यांना दिसते. डावा हात पत्र्यामागे डॉली धरून असतो. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, वेगवेगळ्या बाकांचा घट्ट लोखंडी ठोकळा. काम उलट्या क्रमाने चालतं. धक्क्यात सगळ्यात शेवटी जी घडी पडली ती आधी उघडायची, पहिला मार बसला ती जागा शेवटी. घाईने मधल्या खड्ड्यावर हातोडी घातली की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करत राहतो. त्यावर उपाय आगीचा. गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा, हलक्या हाताने ठोकायचा आणि ओल्या फडक्याने विझवायचा. पत्रा आकसतो. सरळ झाला की नाही हे डोळ्यापेक्षा तळव्याला आधी कळतं. मग कानस फिरवायची, उंचवटे चमकतात आणि खळगे काळे राहतात.

एसटीचं गणित वेगळं. तिच्या लाल अंगावर वर्षानुवर्षं रिव्हेटांनी बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा होता. फाटला की रिव्हेट उडवायचे, नवा तुकडा लावायचा, संपलं.

वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1954 पासून फियाट 1100 बाहेर पडू लागली. पुढे तिचीच पद्मिनी झाली. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा कणा. मुंबईत जुनी झालेली फियाट गावच्या अंगणात येऊन राहिली, की कोकणचा पाऊस आणि खारा वारा आधी दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर बसतो. गंज आतून खात येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत पत्र्याची चाळण झालेली असते. तिथे हातोडीचं काही चालत नाही. कुजका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापायचा आणि तुकडा बेतून वेल्डिंगने सांधायचा. आणि त्याआधी दारांना आतून टेकू द्यायचे, नाहीतर पाठीचा कणाच वाकायचा.

दुसरा, सोपा मार्ग म्हणजे लांबी, खळगे भरायची पुट्टी. पूर्वी खळगे वितळत्या शिशाने भरत. ते काम कष्टाचं, पण पत्र्याशी एकजीव होणारं. 1950 च्या दशकात अमेरिकेत प्लास्टिकची लांबी निघाली आणि जगभरच्या डेंटरांचा वेळ वाचला. पातळ थराने लावली तर तिच्यात वाईट काही नाही. पण बोटभर जाड थापली, गंजाच्या भोकावर थापली, की ती ओल धरते आणि दोन-चार पावसाळ्यांत खपली निघावी तशी निघते. कोकणात तर हमखास.

पिंगुळीची ओळख मोटारींची नाही, चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेची. ठाकर समाजातले कलावंत परशुराम गंगावणे यांनी इथल्या गोठ्यात कळसूत्री बाहुल्या आणि जुन्या चित्रांचं संग्रहालय उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जीर्ण पोथीतलं चित्र जपून ठेवून त्याच कथेचं नवं चित्र रंगवता येतं, आणि नव्या चित्रावरही खेळ रंगतो. मोटारीला ही सवलत नाही. त्याच 2021 साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक, नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. आणि अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक माना उंचावून बघतात ते त्याच जुन्या गाडीला. तिच्यासारख्या हुबेहूब दुसऱ्या गाडीसाठी एवढी गर्दी जमेल का, शंकाच आहे.

म्हणून जुनी फियाट घ्यायला निघालेला जाणता माणूस खिशात एक लोहचुंबक ठेवतो. मालक इंजिनाचं कौतुक सांगत असतो, तेव्हा हा दाराच्या खालच्या कडेने, मडगार्डाच्या बाकावरून चुंबक सरकवत जातो. चिकटतं, चिकटतं, आणि एके ठिकाणी सुटून खाली पडतं. मग किमतीचं बोलणं तिथून पुन्हा सुरू होतं.